सांगलीला कराडचं उत्तर

विष्णुपंतांच्या कीर्तनाला बसायचं तर दोन वस्तू बाहेर ठेवायच्या: चपला आणि फोन. चपलांना देवळाची खालची पायरी, फोनांना वेताची टोपली. ही शिस्त उगीच नव्हती लागली. एकदा ऐन आख्यानात कुणाचा तरी फोन वाजला, तेव्हा पंतांनी चिपळ्या थांबवून हात जोडले होते. "उचला, उचला. साक्षात देवाचाच असेल. इथं बसलेल्या एवढ्या माणसांना सोडून तो तुम्हालाच शोधतोय!" तेव्हापासून त्या मंडपात फोन वाजला नव्हता.

आत एकच फोन चालायचा, तो शकुंतलाबाईंचा. पंतांची ही धाकटी बहीण रोज पहिल्या रांगेत बसायची आणि आपला फोन तिवईवर लावून द्यायची. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांची लेकरंबाळं परगावी, त्यांना घरबसल्या कीर्तन दिसावं म्हणून. ही युक्ती तिच्या मुलाची, अवधूतची. तो कराडला असायचा. बसस्टँडमागच्या एका खोलीत त्याचं इंटरनेटचं काम चालायचं, आणि श्रावणात हात कामात असले तरी एक कान मामांच्या कीर्तनाकडे असायचा. सांगली लांब असली तरी मामांचा 'नारायण, नारायण' कानावर पडला की त्याला बुक्क्याचा वास यायचा.

त्या दिवशीही पूर्वरंग त्याच्या कानात चालला होता, आणि समोरच्या पडद्यावर कृष्णामाई.

दोन वर्षांपूर्वी अवधूतनं आणि त्याच्या भागीदारानं, दहिवडीच्या भाऊसोनं, इंटरनेटवर एक पान सुरू केलं होतं. नदीची पातळी किती, चढतीय की उतरतीय, एवढंच सांगणारं. त्यात पैसाअडका नव्हता, हौस होती आणि थोडी सेवा. भाऊसो म्हणायचा, "आमच्या माण तालुक्यात पाणी बघायला टँकरची वाट बघायला लागती गड्या, आन हितं पाणी बघायला लोकं आमची वाट बघत्यात." मागच्या पुरात एवढी माणसं एकदम त्या पानावर आली की बिचारं मशीन बसलंच. ज्या घटकेला गरज, त्याच घटकेला पान बंद.

म्हणून या पावसाळ्याआधी अवधूतनं नवी व्यवस्था लावली. एक मशीन कराडचं, एक सांगलीचं. पानाचं नाव एकच. आता असं असतं की, आपण पानाचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा पत्ता विचारला जातो, आणि पत्ता सांगायला एक वेगळं मशीन बसलेलं असतं. डीएनएस म्हणतात त्याला. अवधूतनं त्याला शिकवलं होतं: विचारणाऱ्याचा आयपी, म्हणजे त्याच्या नेटचा क्रमांक, बघायचा. तो सांगलीच्या बाजूचा असेल तर सांगलीच्या मशीनचा पत्ता द्यायचा, बाकी कुणीही असो, कराडचा. म्हणजे गर्दी विभागली, आणि ज्याला त्याला आपापल्या गावचं पाणी दिसलं. शिवाय एकदा दिलेला पत्ता दिवसभर लक्षात ठेवायचा, पुन्हापुन्हा विचारायला यायचं नाही, अशी ताकीदही त्यानं उत्तरासोबत दिली होती. तेवढाच मशीनला आराम.

पानावर मोठ्या अक्षरात एकच आकडा आणि खाली एक बाण. वर चढता किंवा खाली उतरता.

"गावाचं नाव मोठं घाल की," भाऊसो तेव्हा म्हणाला होता.

"कशाला? ज्याला त्याला आपलंच गाव दिसणार. म्हाताऱ्या माणसांना आकडा ठळक दिसू दे." आणि गावाचं नाव कोपऱ्यात गेलं, मुंगीएवढं.

पाणी चढत होतं तोवर सगळं सुरळीत चाललं. कराडला चढत होतं, सांगलीलाही चढत होतं, बाण दोन्हीकडे वरच. आज दुपारी कोयनेतून येणारं पाणी कमी झालं आणि कराडच्या संगमावर नदी उतरायला लागली. पण कराडला उतरलेलं पाणी कुठं आभाळात जात नाही. ते खाली सांगलीला जातं, आणि तिथं हरिपुराशी कृष्णेला मिळणारी वारणा तुंबलेली असली की मागं फुगत जातं. कराडकर सुटकेचा श्वास टाकतात, त्यानंतर कितीतरी वेळ सांगलीचं पाणी चढत राहतं. ही गोष्ट नदीकाठच्या पोरासोरांना ठाऊक. अवधूतच्या पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते. कराड खाली, सांगली वर.

कानात झांज वाजली. पूर्वरंग संपला. आता मामांना हार घालतील, बुक्का लावतील, आणि मग आख्यान. मधल्या त्या विसाव्यात मामा रोज टोपलीतून आपला फोन काढून पातळी बघायचे. पाणी चढत असेल तर आख्यान आवरतं घेऊन माणसं घरी धाडायची, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. देऊळ नदीकडे उतरत्या गल्लीत. गल्लीच्या खालच्या तोंडाशी पाणी कालपासून येऊन थांबलं होतं. निम्म्या घरांनी सामान माळ्यावर टाकलं होतं. सकाळपासून वीज नव्हती. तरी माणसं जमली होती. भ्यालेल्या माणसाला चार घटका नामात बसावंसं वाटतं, त्यात नवल काय.

"श्रोतेहो," मामांचा आवाज आला. "आमच्या भाच्याच्या पानावर आत्ताच बघितलं. कृष्णामाईनं ऐकलं आपलं. पाणी उतरायला लागलंय."

मंडपात एकच गलबला झाला. कुणीतरी टाळी वाजवली.

"तेव्हा आज घाई नाही. आख्यान पुरं सांगणार. आरती झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

"मी उठते बाबा," बाईमाणसांतून एक खणखणीत आवाज आला. "माझी चूल माळ्यावर हाय, आन पोटात कावळं वरडत्यात."

"धोंडुबाई, कावळ्यांना आख्यान ऐकवा की थोडं."

"त्येंला आख्यान कळत न्हाई, भाकरी कळती."

सगळा मंडप हसला, आणि धोंडुबाई खरंच उठून घरी निघाली. अवधूतही सवयीनं हसला, आणि मग त्याचं हसू जागीच गोठलं.

उतरायला लागलंय?

त्यानं पुन्हा पडद्याकडे बघितलं. सांगलीचा बाण वर होता.

"भाऊसो, मामांनी काहीतरी भलतंच वाचलं. सांगलीचं पाणी उतरतंय म्हणाले सगळ्यांना."

"चष्मा नसंल घातला."

"बाण बघायला चष्मा लागतो?"

भाऊसो खुर्ची ओढून जवळ आला. अवधूतनं दोन्ही मशीनवरची माणसं बघितली. कराडच्या मशीनवर झुंबड, अगदी दम लागेस्तोवर. आणि सांगलीच्या मशीनवर, पुराच्या तोंडावर, जेमतेम दोन-चार टाळकी. सांगली काय झोपली होती?

कानात मामांनी आख्यान लावलं. वाट चुकलेला एक भक्त देवाच्या दाराशी येतोय, अशी काही कथा होती.

अवधूतनं विचारणाऱ्यांचे पत्ते उघडले. एकेक वाचत गेला. सगळे पुण्या-मुंबईचे. त्याला एकदम उमगलं. फोनवाला माणूस स्वतः पत्ता विचारायला येतच नाही. त्याच्या वतीनं कंपनीचं मशीन विचारतं, आणि ते मशीन बसलेलं असतं पुण्याला नाही तर मुंबईला. माणूस सांगलीच्या गल्लीत उभा, आणि डीएनएसला दिसतोय मुंबईकर. मग उत्तर काय? बाकी कुणीही असो, कराडचं.

"पण आपण तपासलं होतं की रं," भाऊसो म्हणाला. "सांगलीला तुझ्या घरी जाऊन."

"घरी वायरचं नेट होतं. त्याचा पत्ता सांगलीचाच. आज वीज नाही. आज अख्खी सांगली फोनवर आहे." त्यानं पत्त्यांच्या यादीवर बोट ठेवलं. "भाऊसो, आपण सकाळपासून सांगलीला कराडचं पाणी दाखवतोय."

भाऊसोनं डोक्याला हात लावला. "बदल की मग. लगीच बदल."

"बदलून काय? दिवसभर लक्षात ठेवा म्हणून मीच सांगून ठेवलंय. त्या कंपन्यांच्या मशीनना उद्यापर्यंत जुनाच पत्ता पाठ."

त्यानं मामांना फोन लावला. वाजत राहिला. टोपलीत. हार्मोनियमवाल्यांना लावला, देवळाच्या पुजाऱ्यांना लावला, शेजारच्या काकूंना लावला. सगळे त्याच टोपलीत, एकमेकांच्या अंगावर, आवाज बंद करून. आणि कानात मामांची कथा संथ, रसाळ, जराही घाई नसलेली. एरवी अवधूतला हेच आवडायचं.

राहिला एकच फोन. तिवईवरचा. तो लावला की प्रक्षेपण तुटणार, आणि भर आख्यानात सगळ्यांसमोर खणखणणार. पुढं काय चाललंय ते मग आपल्याला कळायचंही नाही. त्यानं डोळे मिटले, मनातल्या मनात मामांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि आईचा नंबर दाबला.

चित्र थिजलं. मामांचा एक हात वर, तोंड उघडं.

पहिल्यांदा कुणी उचललाच नाही, तोडला. त्यानं पुन्हा लावला.

"अरे, लाज वाटत नाही का!" आईचा दबका, थरथरता आवाज. "कीर्तन चाललंय! सगळी माणसं माझ्याकडे बघतायत."

"आई, पाणी चढतंय. उठा सगळे."

"उतरतंय म्हणून तुझ्याच पानावर..."

"ते कराडचं होतं. माझं पान खोटं बोललं, आई. मामांना सांग."

मागून मामांचा आवाज आला, उपहासानं भरलेला. "काय म्हणतात देव?"

"दादा, अवधूत आहे. पाणी चढतंय म्हणतो."

मग मामा म्हणाले, शांतपणे, आणि ते शब्द अवधूतला आयुष्यभर पुरले असते. "मघाशी उतरतंय म्हणणारा अवधूतच ना? मग दोघांतला कुठला खरा?"

काय सांगणार? आयपी, कंपनीचं मशीन, दिवसभराची ताकीद? नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला भरल्या मंडपात यातलं काय सांगणार? अवधूत नुसता म्हणाला, "आई, फोन मोठ्या आवाजावर कर." आणि मग, "मामा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. कुणालातरी पायरीवर पाठवा."

तबल्यावर बसणारा नानासो उठला असावा. पावलं दाराकडे गेली.

"आवं बुवा!" नानासो दारातूनच ओरडला. "चपला तरंगाय लागल्यात!"

मग एकच कल्लोळ. खुर्च्या सरकल्या, बायका नावं घेऊ लागल्या, टोपली उपडी झाल्याचा आवाज आला. त्या सगळ्यावर चिपळ्यांचा एक ठोका पडला आणि मामा बोलले.

"धावायचं नाही. नारायण म्हणत, हात धरून, मागच्या दारानं वरच्या रस्त्याला. म्हातारी माणसं आधी. आख्यान इथंच राहिलं. भक्त दाराशी उभा आहे, तो थांबेल. देवाला घाई नसते, पाण्याला असते."

आईनं फोन बंद केला नव्हता. अवधूतला पावलं ऐकू येत होती, हुंदका, नानासोचं "हिकडनं, आज्जी, हिकडनं", आणि मग आईचाच घाबरलेला आवाज: "दादा, धोंडुबाई!"

धोंडुबाई कावळ्यांना भाकरी घालायला गेली होती. गल्लीच्या खालच्या टोकाला.

"माझ्या शब्दावर गेली ती," मामा म्हणाले. "आणि ती एकटी नव्हे. मी सांगितलेलं चार जणांनी दारात उभं राहून ऐकलं, आठ जणांना सांगितलं असणार. शकू, तू वर हो."

"दादा, पासष्टी उलटली तुझी! नानासोला पाठव."

"नानासो काय सांगणार? बुवा उतरतंय म्हणाले आणि तबलजी चढतंय म्हणतो, कोण ऐकेल? ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं जाऊन मोडायला हवं. चल नानासो, झांज घे."

इकडे भाऊसोनं अवधूतच्या खांद्याला हलवलं. "ए, हिकडं बघ. रडत काय बसलाईस? लोकं कराडच्या मशीनवर येत्यात न्हवं? येऊ देत. त्येंला दुसरीकडं न्यायचं सोड. हितंच दोन्ही गावं दाव."

खरंच की. पत्ता बदलता येत नसला तरी त्या पत्त्यावरचं पान आपल्याच हातात होतं. दोघं भिडले. वेगळाली उत्तरं काढून टाकली. सांगली, आकडा, चढता बाण, लाल. खाली कराड, आकडा, उतरता बाण. गावांची नावं आकड्यांपेक्षा मोठी. कराडचं मशीन गर्दीनं धापा टाकत होतं, म्हणून भाऊसोनं चित्रं, नकाशा, सजावट सगळं उतरवलं. नुसता उघडा मजकूर राहिला.

"वर काय लिहू?" भाऊसोनं विचारलं.

"सकाळपासून सांगलीत दिसलेली पातळी सांगलीची नव्हती, ती कराडची होती. आमची चूक झाली. असं लिही. आणि माझा नंबर टाक."

"नंबर? आरं, फाडून खातील तुला."

"खाऊ देत."

फोन कानाला तसाच होता. आई वर गेली नव्हती. मामांच्या मागोमाग, भिंत धरत, ती गल्लीत उतरली होती. झांज वाजत होती आणि मामा साद घालत होते. अवधूतनं हा आवाज जन्मापासून ऐकला होता, पण असा कधीच नाही. त्यात सूर नव्हता, ताल नव्हता, दृष्टांत नव्हता. एकेका दाराशी थांबून एकच वाक्य: "मी विष्णुपंत. मी चुकीचं सांगितलं. पाणी चढतंय, बाहेर या."

एक दार उघडलं. "बुवा, आत्ताच गाद्या खाली काढल्या हो!" कुणीतरी रडवेलं म्हणालं.

"राहू देत गाद्या. आई कुठंय तुमची? तिला काढा."

पाण्यातून चालल्याचा चुबुकचुबुक आवाज यायला लागला. आई म्हणाली, "पोटरीला लागलं, दादा." पुढच्या दाराशी तेच वाक्य. त्याच्या पुढच्या दाराशी तेच. अवधूत मनात देवाचं नाव घेत होता, पण नाव कुठं टिकत होतं? दर दोन आवर्तनांनी मधे धोंडुबाईची चूल येत होती.

"धोंडुबाई!" मामा ओरडले. "ओ धोंडुबाई!"

काही नाही. नुसतं पाणी.

"धोंडुबाई, मी चुकीचं सांगितलं! बाहेर या!"

मग आतून, बऱ्याच लांबून आल्यासारखा, तो खणखणीत आवाज. "बाहीर कुठनं येऊ? दार उघडंना झालंय! एक तर चूल भिजली, दुसरं तुमी झांजा वाजवताय!"

आई मोठ्यानं रडायला लागली आणि रडता रडता हसली. नानासोनं दाराला खांदा लावल्याची धडक ऐकू आली, एक, मग आणखी एक. लाकूड कडाडलं. कुणीतरी "पाठीवर घे, पाठीवर" म्हणालं. "मला न्हाई उचलायचं, मी काय पोतं हाय का," असंही कुणीतरी म्हणालं, आणि तेवढ्यात आईच्या फोनची बॅटरी संपली.

अवधूतनं आईला पुन्हापुन्हा फोन लावला, तो बंदच. भाऊसोनं चहा आणला, तो निवला. अंधार पडला तेव्हा कुणाच्यातरी परक्या नंबरावरून आईचा फोन आला. सगळी मंडळी वरच्या शाळेत होती. धोंडुबाई होती. मामा होते, गारठले होते, अंगावर कुणाची तरी शाल होती.

"मामांना दे."

"बोलत नाहीयेत ते. बसलेत नुसते." मग ती म्हणाली, "एकच विचारलं त्यांनी. आपल्या गल्लीपुढं अजून किती गल्ल्या होत्या, जिथं कुणी हे पान बघितलं असेल? आणि खाली नदीकाठची गावं? मी काय सांगू त्यांना?"

अवधूतनं पुन्हा पत्ते चाळले. त्याच्याकडे विचारणाऱ्यांची भलीमोठी जंत्री होती, पण ती पुण्या-मुंबईच्या मशीनची. त्यांच्यामागं कुठली माणसं, कुठल्या दारात उभी होती, ते त्यात कुठंच नव्हतं.

मग पानावरच्या नंबरावर फोन यायला लागले. शिव्या देणारे आले, ते बरे वाटले. निदान ती माणसं जागी होती. काहींना खरं काय तेवढंच हवं होतं. प्रत्येक फोनला अवधूत आधी विचारायचा, "तुम्ही कुठून बोलताय?" आणि गावाचं नाव कानानं ऐकल्याशिवाय एकही आकडा सांगायचा नाही. भाऊसो दुसऱ्या फोनवर तेच करत होता.

एक फोन आला, आवाज ओळखीचा नव्हता, वारा फार होता.

"कुठून बोलताय?"

त्या माणसानं सांगलीच्या खालच्या अंगाच्या एका गावाचं नाव घेतलं. "साहेब, दुपारी तुमच्या पानावर उतरतंय म्हणून बघितलं, आन माळावर नेलेली म्हसरं परत गोठ्यात आणून बांधली. आता पोरगं म्हणतंय, पान बदललंय. खरं काय वो?"

"चढतंय. सोडा म्हशी."

"अंधार हाय लय. गोठ्यापातूर पाणी आलंय. गाठी सुटंना झाल्यात."

"कापा!" अवधूत उभा राहून ओरडला. "गाठी सोडत बसू नका, दावी कापा! आणि तुम्ही वर या!"

पलीकडे कुणीतरी कोयती मागितली. मग नुसता वारा. अवधूतनं फोन ठेवला नाही. दुसरा फोन वाजत होता, भाऊसोनं तो उचलला. "व्हय, बोला," तो म्हणत होता. "आधी सांगा, कुठनं बोलताय?"

वाऱ्यातून एक म्हैस रेकल्यासारखी वाटली. अवधूतनं फोन आणखी घट्ट कानाशी दाबला.